वाफा कोण उकरत होतं

सकाळी पाणी घालायला गेले तर कंदांचा वाफा उकरलेला. वीतभर खोल खड्डा, माती मागे फेकलेली, दोन कंद गायब आणि तिसरा अर्धा कुरतडून तिथंच टाकलेला. आधी वाटलं घूस असणार, कारण घूस आमच्या बागेत आहे आणि तिची बिळं मी ओळखते, पण घूस बीळ करून आत शिरते आणि मातीचा ढीग तोंडाशी रचते, इथं बीळ नव्हतंच, कुणीतरी वरूनच उकरून खाल्लं होतं. त्याच आठवड्यात मागच्या भिंतीच्या माथ्यावर विष्ठा दिसली, सगळी बियांनी भरलेली, पपईच्या काळ्या बिया तर अगदी जशाच्या तशा. आई म्हणाली, "अगं मांजर असेल." मी म्हटलं, आई, मांजर पपई खाऊन भिंतीवर घाण करत नाही, ते माती उकरून झाकतं. म्हणजे रात्री कुणीतरी येतंय हे नक्की झालं. तेव्हा मी एक चूक केली, दोन्ही खुणा एकाच प्राण्याच्या आहेत असं धरून चालले, आणि त्या एका समजुतीपायी पुढचे कितीतरी महिने गेले. हे सगळं लिहिते आहे कारण रात्रीच्या प्राण्यांचे फोटो काढायला कुठला कॅमेरा घ्यावा असं विचारणारे बरेच जण भेटतात, आणि मला सांगायचंय की कॅमेरा नंतर, आधी प्राण्याची वाट शोधा.

सुरुवातीला कॅमेरा नव्हताच. मागच्या दारात खुर्ची टाकून बसायचे, हातात मोबाईल आणि टॉर्च, काही वाजलं की टॉर्च मारायची. असे पाच दिवस गेले आणि दिसलं काय तर चिचुंद्री, चीची करत भिंतीच्या कडेकडेनं जाणारी. मग लक्षात आलं की प्रत्येक वेळी टॉर्च मारून मी माझेच डोळे आंधळे करते आहे. आपल्या डोळ्यांना अंधाराची नीट सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एकदा पांढरा प्रकाश पडला की परत पहिल्यापासून सुरू. मोबाईलची स्क्रीनसुद्धा चालत नाही. तेव्हापासून मोबाईल घरात ठेवला, टॉर्चला लाल जिलेटिन पेपर लावला (लाल प्रकाश बऱ्याच सस्तन प्राण्यांना फारसा दिसत नाही आणि आपल्या अंधाराच्या नजरेलाही कमी त्रास होतो), मागच्या दाराचा दिवा बंद केला आणि पाऊण तास नुसतं बसायचं ठरवलं.

आणि काय सांगू, तीच बाग वेगळी झाली. अंधारात एखादी गोष्ट नीट बघायची असेल तर तिच्याकडे थेट नाही, जराशी बाजूला नजर ठेवून बघायचं, कारण अंधुक प्रकाशात काम करणाऱ्या पेशी डोळ्याच्या अगदी मध्यभागी नसतातच, त्या त्याच्या आजूबाजूला असतात. हे कळल्यावर पेरूवर लटकणारी वटवाघळं दिसायला लागली, फळ तोंडात धरून उडून जाणारी. पिंगळ्याची जोडी तारेवर बसून भांडल्यासारखी ओरडायची. हौदाजवळ टॉर्च कपाळाला लावून बघितलं तर गवतात हिरवट ठिपके चमकायचे, जवळ जाऊन बघावं तर कोळी, इतके कोळी आपल्या बागेत आहेत याची मला कल्पनाच नव्हती. कपाळाला लावलेल्या टॉर्चचा फायदा हाच की प्रकाश आपल्या डोळ्यांच्या रेषेत असतो म्हणून समोरच्याच्या डोळ्यातून परत आलेली चमक थेट आपल्याला दिसते.

नवव्या की दहाव्या रात्री भिंतीवरून एक लांब शेपटीचा प्राणी गेला. अंगापेक्षा शेपूटच जास्त लक्षात राहिली. चालणं मांजराचं नव्हतं, पाय आखूड, अंग लांबट, जराही आवाज नाही. दोन सेकंद असेल. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ज्यांना आम्ही काका म्हणतो ते शेजारचे आले होते, त्यांना सांगितलं तर म्हणाले, "उदमांजर ते, कॅमेरा घेऊ नकोस एवढ्यात, आधी राख टाक." हा सल्ला इतका साधा आणि इतका खरा निघाला की मी अजून सगळ्यांना तोच देते. राख नाहीतर बारीक माती चाळणीनं चाळायची, पातळ थर, भिंतीला जिथं झाड टेकतं तिथं, कुंपणाच्या फटीत, हौदाच्या कडेला, आणि सकाळी ऊन वर यायच्या आत, तिरका प्रकाश असताना बघायचं. मांजराच्या पंज्याला चार बोटं उमटतात आणि नखं दिसत नाहीत. कुत्र्याची चार बोटं पण नखांचे ठिपके पुढे. मुंगसाची आणि उदमांजराची पाच बोटं, पण मुंगूस दिवसा फिरणारं, रात्रीच्या राखेत सहसा सापडत नाही. पंधरा दिवस मी वहीत चित्रं काढत गेले आणि बागेचा एक नकाशाच तयार झाला की कोण कुठून येतं, कुठून जातं. प्राणी आपल्यासारखेच वाटेचे पक्के असतात, रोज तीच भिंत, तीच फट, तोच वाकलेला फांदीचा पूल.

मग ट्रेल कॅमेरा घेतला. झाडाला पट्ट्यानं बांधायचा छोटा डबा असतो, समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढतो. पहिल्या आठवड्यात कार्ड काढलं तर हजाराच्या वर फोटो आणि सगळ्यात केळीचं पान. इतकी निराश झाले की कॅमेरा खराब आहे असं समजून परत करायला निघाले होते. पण कॅमेऱ्याची चूक नव्हती. त्याच्यातला पीआयआर सेन्सर हालचाल बघत नाही, तो उष्णतेतला फरक बघतो, त्याच्यासमोरचा भाग छोट्या छोट्या पट्ट्यांत विभागलेला असतो आणि गरम वस्तू एका पट्टीतून दुसरीत गेली की तो जागा होतो. उन्हात तापलेलं पान वाऱ्यानं हललं तरी त्याला तेच वाटतं. पान कापलं, कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेकडे केलं म्हणजे सकाळ संध्याकाळचं ऊन थेट लेन्सवर येणार नाही, आणि पुढच्या आठवड्यात रिकामे फोटो वीस-पंचवीसवर आले. याच कारणानं कडक उन्हाळ्यात प्राणी सुटतात पण, आजूबाजूची हवाच अंगाइतकी गरम झाली की सेन्सरला फरक कळत नाही. कॅमेरा लावल्यावर प्राणीच नाही असं वाटलं तर आधी हे तपासा.

दुसरी चूक उंचीची. मी माझ्या छातीच्या उंचीवर बांधला होता, माणसाला सोयीचं म्हणून, आणि फोटोत फक्त पाठी यायच्या. उदमांजरासारख्या प्राण्यासाठी गुडघ्याच्या खाली, वीत-दीड वीत उंचीवर लावावा लागतो, म्हणजे नजर नजरेला मिळते आणि फोटोत तो प्राणी प्राणी वाटतो. बांधून झालं की स्वतः रांगत समोरून जायचं आणि फोटो बघायचा. मी संध्याकाळी बागेत रांगताना घरचे बघायचे, पण त्याशिवाय अंदाजच येत नाही.

तिसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. वाटेला कॅमेरा काटकोनात लावला की सेन्सर चटकन पकडतो, कारण प्राणी पट्ट्या ओलांडत जातो, पण फोटो निघेपर्यंत तो पुढे गेलेला असतो आणि हातात शेपूट राहते. आणि वाटेच्या अगदी समोर तोंड करून लावला तर प्राणी सरळ आपल्याकडे येत असतो, पट्टी ओलांडतच नाही, सेन्सर उशिरा जागा होतो. म्हणून वाटेला तिरका, साधारण ४५ अंशात. एवढी एक गोष्ट सुरुवातीला कुणी सांगितली असती तर माझे तीन महिने वाचले असते.

रात्रीच्या फोटोंचं म्हणाल तर ट्रेल कॅमेऱ्यात इन्फ्रारेड, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे दिवे असतात आणि म्हणून फोटो काळेपांढरे येतात. त्यांचे दोन प्रकार असतात, ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे आणि ९४० चे. ८५० चा प्रकाश लांब जातो पण दिव्यांवर अंधुक लाल चमक दिसते, ९४० ची दिसत नाही पण पल्ला कमी. माझा ८५० चा होता आणि पहिल्या बऱ्याच फोटोंत उदमांजर थेट कॅमेऱ्याकडेच बघतंय, थांबून, मान वर करून. बागेसारख्या जवळच्या जागेला ९४० बरा. आणि प्राणी दीड मीटरच्या आत आला की पांढरं भूत दिसतं, काही तपशील नाही, त्यावर साधा उपाय म्हणजे दिव्यांवर कापडी पांढऱ्या चिकटपट्टीचा एक थर, कमी पडला तर दोन. बॅटरीवर मात्र कंजूसपणा करू नका, साध्या अल्कलाईन बॅटरीचा व्होल्टेज हळूहळू उतरत जातो आणि सगळ्यात आधी रात्रीचा प्रकाश मंदावतो, आपल्याला वाटतं कॅमेरा चालू आहे आणि फोटो नुसते काळे. लिथियमचा शेवटपर्यंत टिकून राहतो. आणि घड्याळ, घड्याळ नीट लावा हो, माझं पहिल्या महिन्यात बारा तासांनी चुकलेलं होतं आणि वहीतल्या सगळ्या वेळा परत लिहायला लागल्या.

एका रात्री २ वाजून १७ मिनिटांनी ते उदमांजर फोटोत पूर्ण आलं. तोंडावर काळा मुखवटा, त्याखाली पांढरट ठिपका, राखाडी अंगावर पुसट ठिपक्यांच्या रांगा, शेपटीला वलयं नाहीत, म्हणजे जवादी मांजर नाही, हे उदमांजरच. डोळे मात्र दोन दिव्यांसारखे. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक चमकणारा पडदा असतो, आत आलेला प्रकाश तो परत फेकतो म्हणून अंधुक प्रकाश त्यांना दोनदा वापरता येतो, आपल्याला तो पडदा नाही. मी तो फोटो आईला दाखवला तर ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे इतकी वर्षं इथं येत असेल?"

आता जे लिहिते ते लिहायला जड जातंय पण लिहायलाच हवं. फोटो अजून चांगला यावा म्हणून मी फळं ठेवायला लागले. रोज रात्री पपईची फोड कॅमेऱ्यासमोर. चार दिवसांत उदमांजर ठरल्या वेळी यायला लागलं, दहा दिवसांत दोन यायला लागली आणि व्हिडिओत त्यांची मारामारी, एकाच्या कानाला जखम. मग घुशी आल्या, घुशींमागे भटकी मांजरं, आणि एका पहाटे दोन कुत्री कुंपणाखालून आत. ज्या प्राण्यानं रात्रभर फिरून फळं शोधायची, किडे, गोगलगायी, उंदीर धरायचे आणि बिया लांबवर नेऊन टाकायच्या, त्याला मी एका जागी बांधून ठेवला होता, आणि तेही कुत्र्यांच्या तोंडाशी. त्या दिवशी बंद केलं. पुढचे तीन आठवडे ते येऊन रिकामी जागा हुंगून जायचं, ते व्हिडिओ मला बघवायचे नाहीत. बागेतलं फळ झाडावर राहू द्या, खाली पडलेलं पडू द्या, पाण्याचं उथळ भांडं ठेवलंत तर रोज धुवा, बाकी काही ठेवू नका.

पण मला रंगीत फोटो हवा होता, आणि त्यासाठी फ्लॅश लागतो. हे काही नवीन नाही, जॉर्ज शिरास नावाच्या अमेरिकन माणसानं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जंगलात दोर ताणून ठेवले, प्राण्याचा पाय लागला की मॅग्नेशियमचा भडका आणि फोटो, त्याचे ७४ फोटो नॅशनल जिऑग्राफिकनं जुलै १९०६ च्या अंकात छापले होते. आपल्याकडे चॅम्पियन नावाच्या वन अधिकाऱ्यानं १९२० च्या दशकात तसेच दोर लावून जंगलातल्या वाघांचे फोटो काढले. तेव्हा काचेच्या प्लेटा, एका रात्रीत एकच फोटो, चुकला तर चुकला. आपल्या हातात केवढ्या सोयी आहेत याचा विचार केला की मला कामाला जोर येतो.

जुना डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, एका प्लास्टिकच्या डब्यात घातला, लेन्सपुरतं भोक, आत सिलिका जेलच्या पुड्या कारण पहाटे दव पडलं की लेन्सवर वाफ धरते. वेगळा पीआयआर सेन्सर, दोन फ्लॅश. फोकस मॅन्युअल, भाच्याचं खेळण्यातलं अस्वल वाटेवर ठेवून फोकस केला आणि रिंगवर चिकटपट्टी लावून टाकली. लेन्सचं छिद्र एफ ८, प्रकाशाची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ ८००, शटर १/१६० सेकंद, आणि फ्लॅश पूर्ण ताकदीवर नाही तर तिच्या १/३२ वर. कमी ताकदीवर फ्लॅशचा लखलखाट फार म्हणजे फारच थोडा वेळ टिकतो त्यामुळे चालणारा पाय पण गोठल्यासारखा स्पष्ट येतो, आणि प्राण्याच्या डोळ्यावर कमी येतं. एक फ्लॅश लेन्सच्या जवळ होता तेव्हा डोळे परत दिव्यासारखे, तो बाजूला हातभर सरकवला तर डोळ्याचा खरा तपकिरी रंग दिसला. पहिल्या आठवड्यात एकही फोटो नाही, कारण फ्लॅश झोपी जायचे, त्यांची आपोआप बंद व्हायची सेटिंग तशीच राहिली होती. दुसऱ्या आठवड्यात डब्यात मुंग्यांनी अंडी घातली.

फ्लॅशचा त्रास होतो का यावर लोक हमरीतुमरीवर येतात, म्हणून मी ट्रेल कॅमेरा त्या सगळ्या मांडणीकडे तोंड करून लावला, व्हिडिओवर. फ्लॅश उडाला की उदमांजर जागीच थिजायचं, पाच-सहा सेकंद, मग जायचं. पळालं नाही. पण पुढच्या चार रात्री ते त्या वाटेनं आलंच नाही, भिंतीच्या पलीकडून गेलं, हे राखेत दिसत होतं. माझ्यापुरतं उत्तर मिळालं. आता एका रात्रीत दोनच फोटो, मग कॅमेरा आपोआप थांबतो, आणि आठवड्यातून एकच रात्र. पिल्लं असताना किंवा घरट्याजवळ तर फ्लॅश अजिबात नाही.

या सगळ्यात वाफा उकरणं चालूच होतं. आणि कॅमेऱ्यात उदमांजर वाफ्याकडे जातच नव्हतं, ते भिंतीवरून यायचं, चिकूवर चढायचं आणि तसंच परत. सहा महिने मी चुकीच्या प्राण्याला दोष देत होते. मग परत राख, या वेळी वाफ्याभोवती. तिसऱ्या सकाळी ठसे मिळाले, बोटांवर नाही तर पूर्ण तळवा टेकून चालणाऱ्याचे, लांबट, आणि मागे झाडू फिरवल्यासारख्या बारीक रेघा. रेघा बघून मी काकांना हाक मारली. ते खाली बसले, बोट न लावता बघितलं आणि म्हणाले, "साळिंदर आहे बाई."

साळिंदर कंद, मुळं, साली, पडलेली फळं खातं, कधी कधी हाडंसुद्धा कुरतडतं. ते काटे फेकून मारतं असं लहानपणी ऐकलेलं असतं सगळ्यांनी, ते खरं नाही, काटे सैल असतात आणि ते उलटं मागे धावून अंगावर येतं तेव्हा टोचून सुटतात, लांबून बघणाऱ्याला फेकल्यासारखेच वाटणार. घाबरलं की शेपटीचे पोकळ काटे खुळखुळवतं. त्या खुळखुळण्याचा आवाज मी एका व्हिडिओत ऐकला, चित्र पूर्ण काळं, बॅटरी उतरलेली, पण आवाज स्पष्ट, वाळलेल्या शेंगा हलवल्यासारखा, आणि मी तो पुन्हा पुन्हा लावून ऐकला.

त्याचा फोटो मिळायला अजून सात आठवडे लागले. ते मागच्या रानातून कुंपणाखालच्या खळग्यातून यायचं, वाट फक्त हात-दीड हात रुंद, आणि माझा कॅमेरा प्रत्येक वेळी अर्धं साळिंदर देत होता, नुसती काट्यांची मागची बाजू. शेवटी डबा झाडावरून काढला आणि जमिनीत खुंटी ठोकून तिला बांधला, वाटेला तिरका, अडीच मीटरवर. आणि कुठलाही फोटो कुणाला पाठवायच्या आधी त्यातलं लोकेशन काढून टाकते, कारण साळिंदराची शिकार होते आणि कुणाच्या बागेत रोज कुठल्या फटीतून येतं हे जगाला सांगायची गरज नाही.

परवा ३ वाजून ४ मिनिटांनी दोन आली. पुढचं मोठं, मागचं जरा लहान, दोघांचे काटे आडवे, म्हणजे निवांत. मोठ्यानं वाफ्यात तोंड घातलं, धाकटं कॅमेऱ्याच्या खुंटीपाशी येऊन ती हुंगत राहिलं, इतकं जवळ की फोटोत फक्त नाक आणि मिशा. चिकटपट्टीचे दोन थर होते म्हणून त्या मिशा एक एक मोजता येतात. सकाळी वाफ्यात एक काटा पडलेला मिळाला, काळापांढरा, वीतभर, तो आईनं देवघराशेजारच्या फडताळात ठेवलाय. आणि उरलेले कंद मी पुढच्या अंगणात हलवले, हा वाफा आता असाच राहू देणार आहे.